दगडात कोरलेला उतार

फार फार पूर्वी, नद्यांवर पूल नव्हते आणि वाटसरूंची सारी भिस्त दुसऱ्याच्या सांगण्यावर असे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, ऐका, थोरांनो, तुम्हीही ऐका.

एका नदीकाठी सगुणाबाई अन्नछत्र चालवत असे. तिचं व्रत होतं, एका तरी वाटसरूच्या मुखी घास पडल्याशिवाय आपण जेवायचं नाही. देवाच्या कृपेने ती कधी उपाशी झोपली नाही.

काळजी एकच. नदी मोठी लहरी. पायी पार होण्याजोगा उतार कधी जांभळाच्या झाडापाशी असे, तर कधी खडकापाशी. सगुणाबाई रोज सकाळी काठीने पाणी चाचपून यायची. पण चुलीपाशी बसलेल्या बाईने दूर फाट्यावरच्या माणसाला हे सांगावं कसं?

राजाच्या कानी तिचं व्रत गेलं. तो म्हणाला, "आई, फाट्यावर फलक लावून देतो. कारागीर तुम्ही निवडा."

दोघे आले. पाथरवटाने काळ्या पाषाणाचा खांब कसा होईल ते सांगितलं. वर मोर, भोवती वेलबुट्टी, मध्ये कोरीव अक्षरं. सुताराने खाचा पाडलेली साधी चौकट समोर ठेवली. तिच्यात पाट्या सरकवायच्या.

"आणि उतार बदलला तर?" सगुणाबाईने विचारलं.

"मला निरोप धाडा. येतो नि नवं कोरून देतो," पाथरवट म्हणाला.

"तुम्हीच पाटी बदला," सुतार म्हणाला.

"मी? अहो, पोळपाट-लाटण्यापलीकडचं लाकूड मला काय कळतंय!" सगुणाबाई हसली. शिवाय तिच्या मनात आलं, काम देवाचं, त्याला वाळवी लागणारं लाकूड कशाला? पाषाणच शोभेल.

खांब उभा राहिला. 'उतार जांभळापाशी', अशी त्यावर देखणी अक्षरं. तिने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग येणारे-जाणारेही फुलं वाहू लागले.

श्रावणात नदीने कूस बदलली. जांभळापाशी डोह झाला, उतार खडकापाशी सरकला. पाथरवटाला निरोप गेला. पण तो दूरदेशी एका कळसाच्या कामात गुंतला होता. दिवाळीनंतर येतो म्हणाला.

"निदान ती अक्षरं तरी खरवडा," सगुणाबाईने गावकऱ्यांना विनवलं.

"पूजलेल्या दगडाला छिन्नी? पाप लागेल, बाई!" सगळे मागे सरले. खरं तर तिचाही हात उचलेना.

अशात एक आई आपल्या गरोदर लेकीला माहेरी घेऊन चालली होती. फाट्यावर खांब वाचून दोघी जांभळाकडे वळल्या. सगुणाबाई पिठाच्या हातांनीच धावत सुटली. "अगं, थांबा! तिकडे डोह आहे!"

"काहीतरीच! दगडात कोरलंय, वर कुंकू वाहिलंय. त्याचं ऐकू की तुमचं?" आई म्हणाली. तेवढ्यात पाण्यात उतरलेल्या लेकीचा पाय घसरला नि ती डोहात गेली.

नशीब, पाण्यात म्हशी डुंबत होत्या. लेकीने एकीचं शेपूट धरलं, आणि त्या मुक्या माउलीने तिला काठाला आणलं.

दोघी अन्नछत्रात जेवल्या. व्रत पुरं झालं. पण त्या दिवशी सगुणाबाईला घास गिळवेना. तिने आपलं लुगडं नेऊन खांबाला नेसवलं. अक्षरं झाकली गेली, कुंकवाला धक्का लागला नाही. मग तिने सुताराला चौकट घेऊन फाट्यावर बोलावलं आणि आधी विचारायचं राहिलेलं विचारलं, "उद्या तुम्हीही सापडला नाहीत तर?"

"म्हणून तर पाट्या साध्या ठेवल्यात. कुठलाही सुतार नवी करून देईल. पण आधी माझ्यादेखत बदलून बघा. नाही जमलं, तर चौकट परत नेतो."

पाट्यांवर अक्षरं होती, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रंही होती. तिने जांभळाची पाटी काढली, खडकाची सरकवली. "अगंबाई, एवढंच?"

"आलं की पोळपाटापलीकडचं लाकूड!" सुतार हसला.

दिवाळीनंतर पाथरवट आला. झाला प्रकार ऐकून त्याचे डोळे भरले. सगुणाबाई म्हणाली, "दादा, तुमचा दगड सुंदरच आहे. त्यावर कधीच न बदलणारं तेवढं कोरा." घडवणाऱ्याच्या छिन्नीला पाप कसलं? त्याने खांबाला नमस्कार केला, जुनी अक्षरं खरवडली आणि कोरलं, 'नदीकाठी भुकेल्याला अन्न मिळेल.'

थंडी सरता सरता ती लेक बाळाला घेऊन सासरी निघाली. आता पैलतीरावरच्या फाट्यावरही तशीच चौकट होती. तिथे तिने खडकाचं चित्र पाहिलं, निर्धास्तपणे नदी पार केली आणि बाळ सगुणाबाईच्या मांडीवर ठेवलं. "आजी, याचं उष्टावण तुमच्याच हातून व्हायला हवं."

त्या दिवशी अन्नछत्रातला पहिला घास इवल्याशा मुखी पडला. सगुणाबाईने नदीला, म्हशीला, दोन्ही कारागिरांना मनोमन हात जोडले, आणि पोटभर जेवली.

देवाने तिला जशी बुद्धी दिली, तशी तुम्हांआम्हांलाही देवो. आता फाट्यावरच्या फलकाच्या जागी वेबसाइट आली; मोर-वेलबुट्टी तिथेही पुष्कळ. निवडताना एवढंच विचारावं, 'उद्या उतार बदलला, तर पाटी मला बदलता येईल ना?'

बोध: रोज बदलणाऱ्या गोष्टीसाठी देखणा दगड नको, आपल्या हाताला झेपेल अशी चौकट निवडावी.