सुगरणीची पहिली गाठ

पक्षी घरबसल्या माल मागवायचे, त्या काळची ही गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीतल्या सुगरणीने खोप्यासाठी ओलं गवत मागवलं होतं. कावळा मात्र रेशमाचा गुंडा घेऊन आला आणि ऐटीत म्हणाला, “गवत संपलंय, सुगरणताई. त्याच भावात रेशीम देतोय, घेऊन टाका!”

सुगरणीने रेशमाची गाठ फांदीला मारली आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. गाठ सर्रकन सुटली. पंख फडफडवत ती विहिरीवर कशीबशी सावरली.

“मला पंख आहेत, कावळेदादा,” ती शांतपणे म्हणाली. “उद्या खोप्यात पिल्लं असतील. हे परत न्या. गवत येईपर्यंत मी थांबेन.”

असं पारखून घेणारं गिऱ्हाईक कावळ्याने पाहिलं नव्हतं. भर उन्हात तो नदीकाठी गेला, गवताची पात फांदीला बांधली आणि आधी आपणच लोंबकळला.