नववा शब्द, उभा

“मी वाचलं नाही म्हणते, तर एकाचाही विश्वास बसू नये माझ्यावर? बोला ना, बुवा!”

तानूअक्का ओसरीवर तरटाची घडी टाकून बसली होती. मठाचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे.

मठात रविवारची एक चैन होती. जेवणं उरकली की बुवा वर्तमानपत्राची पुरवणी उघडायचे आणि शब्दकोड्याची एकेक सूचना मोठ्याने वाचायचे. त्याआधी पुरवणीला कुणी हात लावायचा नाही, एवढाच नियम.

आज ती उघडलेली सापडली. तीही तानूअक्काच्या चुलीपाशी.

“मला संशय होताच,” बुवांचा पट्टशिष्य नीळकंठ म्हणाला. “चौथी शिकलेली बाई माझ्या आधी उत्तरं देते! हिला इथं बसूच देऊ नका.”

“आठवडाभर तुझ्या भाकऱ्या थापते रे मी! रविवारी घटकाभर डोकं चालवते, तेवढीच माझी गंमत. तीपण काढून घे!”

तिचा आवाज चढला आणि मध्येच फाटला.

बुवांनी पुरवणी मांडीवर घेतली.

“नववा शब्द, उभा. पोट भरलं की उभं राहतं, रिकामं झालं की घडी घालून निजतं.”

“आधी माझा न्याय करा!”

“दोन अक्षरं, तानू.”

...

सगळ्यांच्या माना वर आढ्याकडे गेल्या. नीळकंठाची तेवढी खाली होती.

“खिसा?” पुजारीकाका म्हणाले.

“खिसा कधी उभा राहिला, काका?” न बोलण्याचं ठरवूनही तानूअक्का बोललीच. मग स्वतःशीच पुटपुटली, “बाळ? छे. बाळाची कुठं घडी होते...”

...

एकाएकी तिने तरटावर थाप मारली.

“अगं बाई! पोतं! नि मी मघापासून त्याच्यावरच बसलेय!”

ती हसत सुटली. पदराने डोळे पुसले तरी हसू आवरेना. “काय डोकं म्हणायचं हो त्या कोडं रचणाऱ्या मेल्याचं! माझ्याच बुडाखाली ठेवलं नि मलाच शोधायला लावलं! जेवायला बोलवा त्याला एकदा.”

ओसरीभर हशा पिकला. पुजारीकाका तर खांबाला टेकून हसले.

“हे हसू शिळं नाही,” बुवा म्हणाले. “बस, तानू. पुढच्या रविवारीही बस.”

तानूअक्काने मोठा श्वास सोडला. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला. तिने तरट झटकलं, नीट अंथरलं आणि ऐसपैस मांडी घातली.

“पण बुवा,” नीळकंठ म्हणाला, “मग पुरवणी उघडली कुणी?”

बुवांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला.

...

“सगळे आढ्याकडे बघत होते. तू तिच्या तरटाकडे का बघत होतास, नीळकंठा?”