धोंडू आणि तीन लोणीजिभे

सरका जरा, पाय पांघरुणात घ्या. हं. तर एकदा काय झालं, एका नदीच्या काठी एक कुंभारीण राहायची. तिचं नाव सारजा. तिला एकुलती एक लेक होती. टपोऱ्या डोळ्यांची, गव्हाळ रंगाची, आणि हाताला अशी कला की मातीनंच म्हणावं, मला आधी घे. आणि अशा पोरीचं नाव काय, तर धोंडू!

हसू नका. त्याला कारण होतं, बरं का. सारजाला आधी एक मुलगा झाला होता. चांगला गुटगुटीत. बघेल तो म्हणायचा, काय राजबिंडं पोर आहे! आणि त्या पोराला ताप आला नि तीन दिवसांत ते गेलं. सारजाच्या मनानं घेतलं, लोकांच्या कौतुकानंच गेलं, दृष्ट लागली. म्हणून मग लेकीचं नाव ठेवलं धोंडू. धोंड्याला कोण दृष्ट लावतंय? गालावर तीट लावायची ती बंद्या रुपयाएवढी. आणि कौतुकाचं तर नावच नको. धोंडूनं सुंदर घागर घडवली की सारजा म्हणायची, "बरी हाय. उन्हात ठेव." धोंडूला बरं नसलं की रात्ररात्र उशाशी बसायची, पण सकाळी म्हणायची, "ऊठ, माती मळायचीय." पोटात माया रांजणभर, पण ओठांवर थेंब येऊ द्यायची नाही.

धोंडूला कसं कळणार हे? तिला वाटायचं, आपण आईला आवडतच नाही. सोळा वर्षांची झाली तरी तेच वाटायचं. फार वाईट वाटायचं हो बिचारीला.

आता त्या देशाचा जो राजा होता, त्याला स्तुतीचं भारी वेड. त्यानं तीन भाट पदरी ठेवले होते. ते सकाळी उठायचे, दात घासायचे आणि जिभेला लोणी लावायचे. मग काय, शब्द नुसते घसरत बाहेर! आणि त्यांच्या शब्दांत एक जादू होती. ज्याची स्तुती करावी, तो हलका होऊन जमिनीवरून वर उचलला जायचा. राजा कसा नाही उडाला म्हणता? अरे, त्याला सिंहासनाशी साखळीनं बांधून ठेवलं होतं! जेवायचाही तसाच.

मग राजाच्या घरी लग्न निघालं. शंभर घागरी हव्या होत्या, आणि फुकट हव्या होत्या. तीन भाट गाडी घेऊन सारजाच्या दारात आले. सारजा नदीवर गेलेली. धोंडू माती तुडवत होती, घोट्यापर्यंत चिखलात.

पहिला भाट म्हणाला, "अहाहा, काय हे रूप! चंद्रानं लाजून ढगात तोंड लपवावं!" धोंडूच्या टाचा उचलल्या.

दुसरा म्हणाला, "काय हे हात! ब्रह्मदेवानं इथं शिकायला यावं!" तिचे पाय चिखलातून सुटले.

मग तिसरा म्हणाला, "नवखंड पृथ्वीत अशी पोर होणे नाही!" आणि धोंडू गेली थेट छपरापर्यंत.

तुम्हाला वाटेल, भ्याली असेल. छे! खुशीत होती. सोळा वर्षांची उपाशी होती ती असल्या शब्दांना. वरूनच म्हणाली, "न्या घागरी, समद्या न्या!" भाटांनी गाडी भरली आणि मागं न बघता निघाले. गरज सरो नि वैद्य मरो.

मग मात्र धोंडूला खाली यायचं होतं, आणि येता येईना. पाय मातीला लागेनात, हात चाकाला पोचेनात. आणि त्या गावात रोज दिवेलागणीला डोंगरावरून वारा सुटायचा. तो सुटला की पोर पाचोळ्यासारखी डोंगरापल्याड जाणार होती.

सारजा नदीवरून आली, तिनं बघितलं, डोक्यावरची घागर तिथंच टाकली. घाबरून नेहमीसारखीच ओरडली, "ये खाली, नकटे! धोंड कुठली!" धोंडूनं तोंड फिरवलं आणि हातभर आणखी वर गेली. जिथं आपलं काहीच चांगलं नाही, तिथं कशाला यायचं खाली?

मग शेजारणी जमल्या. म्हणाल्या, आम्ही गोड बोलून आणतो. "गुणाची गं बाई! सोन्याची गं! साक्षात लक्ष्मी!" रोज हिच्या कामाला नावं ठेवणाऱ्या बायका या. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला गेल्या, आणि पोर चढली लिंबाच्या शेंड्यावर.

दिवस कलला. लिंबाची पानं हलायला लागली. सारजा चिखलातच खाली बसली. काय बोलायला हवं ते तिला ठाऊक होतं, पण जीभ उचलेना. बोललं तर दृष्ट लागेल, थोरल्यासारखी हीही जाईल. न बोललं तर वारा नेईल. काय करावं बाईनं? तिनं चारी दिशांना पाहिलं, तोंडाला पदर लावला, आणि दृष्टीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलली.

"धोंडू, परटाच्या म्हातारीला घागर उचलंना, तवा तू तिला पातळ अंगाची, हलकी घागर करून दिलीस. कुणी सांगितलं नव्हतं तुला. म्या बघितलं."

"काय म्हनलीस?" धोंडूला वरून नीट ऐकू येईना. ती ऐकायला वाकली. आणि काय आश्चर्य, जराशी खाली आली!

"तुझ्या घागरीचा गळा माझ्यापरीस नीट येतो. बाजारात म्या माझ्या घागरी मागं मांडते आन तुझ्या म्होरं."

धोंडू छपराला आली. वारा डोंगर उतरला होता, धूळ दिसायला लागली होती.

"आन तू लई देखणी हायेस, पोरी. तू निजलीस की म्या बघत बसते. मला भ्या वाटायचं, म्हून कधी बोलले न्हाई."

धप्पकन् धोंडू चिखलात! तेवढ्यात वारा आला. तिचे केस उडाले, पदर उडाला, पण ती नाही उडाली. भुसकट उडतं बाळांनो, दाणा सुपातच राहतो.

सारजानं तिच्या तोंडावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. धोंडू म्हणाली, "आये, परत म्हन."

"काय म्हनू?"

"समदंच."

आणि ते भाट? ते वाटेत फुशारून एकमेकांचीच स्तुती करायला लागले. काय तुमची जीभ, अहो तुमची! गेले तिघंही ढगात. बैल शहाणे, ते घागरींची गाडी घेऊन राजवाड्यावर पोचले. पण तिथं स्तुती करायला कुणी उरलं नव्हतं, मग राजानं साखळी सोडवून घेतली आणि पहिल्यांदा तो पाटावर बसून जेवला.

इकडे सारजा तीन दिवस सारखी लेकीच्या कपाळाला हात लावून बघायची. पहिल्या दिवशी ताप नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी धोंडूनं चाकावरून घागर उतरवली, तेव्हा सारजा भर अंगणात, शेजारणींच्या देखत, मोठ्यानं म्हणाली, "बघा गं, माझ्या लेकीनं केलीय!" आणि मग दोघी सुखानं राहिल्या, माती मळत, भांडत, हसत.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. आणि वेणू, आज खरवसाची शेवटची वडी तू गुपचूप धाकट्याच्या ताटात सरकवलीस ना? पाहिलं हो मी. नीज आता, माझी गुणाची बाय.