सगुणेचा वेढा

खैरोंडी आणि माळशेत ही गावं दोन, पण ग्रामपंचायत दोघांची मिळून एकच. मधून ओढा वाहतो आणि नकाशात दोन्ही गावांची शीव त्या ओढ्याच्या धारेनं सरळ खाली उतरते. फक्त एका जागी ती रेष फुटते, दोन्ही अंगांनी फुगते आणि खाली जाऊन परत एक होते. लेकराच्या करगोट्याला गाठ मारावी, तशी. त्या गाठीच्या आत एक कोंड, म्हणजे ओढ्यातला खोल डोह आहे, खैराची एक टेकडी आहे आणि सगळी मिळून अठरा एकर जागा. ती ना खैरोंडीची, ना माळशेतची. तिला सगुणेचा वेढा म्हणतात.

गेल्या साली ड्रोन घेऊन मोजणीची माणसं आली होती. त्यांच्यातले साहेब पडद्याकडे बघून म्हणाले, "इथं नकाशा चुकलेला दिसतोय."

कोतवालकीतून मोकळे झालेले धाकलू तात्या शेजारच्या दगडावर बसले होते. ते म्हणाले, "चुकला न्हाई साहेब. ती रेष धावलीया. बसा जरा, सांगतो."

तात्या सांगतात ती गोष्ट फार जुनी, पाटलांच्या अमलातली. सलग तिसऱ्या साली पावसानं पाठ फिरवली होती, म्हणे. चैत्रातच विहिरींचे तळ दिसले. ओढ्यातला कोंड तेवढा भरलेला. खैरोंडीचे केदारजी पाटील म्हणाले, कोंड आमचा. माळशेतचे सुभानजी पाटील म्हणाले, आमचा. आधी एकमेकांची गुरं हाकलली. मग गुरांच्या मागच्या पायांच्या शिरा तोडल्या. मग माणसांवर आलं. माळशेतच्या एका पाणक्याला त्याच्याच घागरीच्या दोरानं खैराला टांगला. दुसऱ्या दिवशी खैरोंडीची दोन माणसं डोकी फुटून पाण्यावर तरंगत होती. लोकांनी प्रेतं बाहेर ओढली आणि त्याच पाण्यानं घागरी भरून नेल्या. तहान अशी असते.

त्या शिवेचा राखणदार होता येसनाक. पाटलाच्या ओसरीवर त्याला बसायची मुभा नव्हती, पण शिवेवर त्याचा शब्द पाटलापेक्षा मोठा. त्याची बायको सगुणा माळशेतची लेक, खैरोंडीची सून. सात महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन ती रोज त्याला भाकरी पोचवायची. तो जेवायचा आणि जेवता जेवता तिला बोटानं शीव दाखवायचा. ते वारूळ, हा धोंडा, मग कोंडाच्या बरोब्बर मधून.

त्या दिवशीही ती भाकरी घेऊनच आली. येसनाक शिवेच्या धोंड्यावर उभा होता. एका अंगाला खैरोंडीची माणसं, दुसऱ्या अंगाला माळशेतची, सगळ्यांच्या हातात कोयते. तो म्हणत होता, "कोंड निम्मा निम्मा. माझ्या बापानं मला दावला, त्याच्या बापानं त्याला. निम्मा हाय तर पुरंल तरी."

निम्मा कुणालाच नको होता. एक कोयता इकडून बसला, एक तिकडून. कुठला आधी लागला, हे अजून ठरलेलं नाही. सगुणेनं लेकराचं तोंड पदराखाली दाबून धरलं. तिच्या हातातली भाकरी मात्र तशीच राहिली. घरी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, की भाकरीवर रक्त उडालंय.

राखणदार मेला तसे दोन्ही गावचे पंच घाबरले. आता शीव सांगणार कोण? सगुणेला ठाऊक आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मग ठरलं, तिनं शीव चालायची.

शीव चालायची रीत अशी होती, असं सांगतात. डोक्यावर शिवेच्या मातीची पाटी, कडेवर पोटचं लेकरू. पाटी डोक्यावर आहे तोवर पाऊल पडेल ती शीव. पाटी खाली टेकली की संपलं, मग देवालाही ती बदलता येत नाही. चालणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. आणि चालणारा खोटा चालला, तर नऊ दिवसांत लेकरू दगावतं.

आदल्या दिवशी केदारजी पाटील स्वतः तिच्या झोपडीपाशी येऊन लांब उभे राहिले.

"सगुणे, पलीकडच्या काठानं चाल. कोंड आपल्याकडं येऊ दे."

"ते खोटं हुईल, मालक. पोर जाईल माझी."

"पोरी काय, पुन्हा हुतील," केदारजी म्हणाले. "झोपडी पेटली, तर कुणीच उरायचं न्हाई."

दुपारी माळशेतहून तिचा बाप आला. पाठीवर चाबकाचे वळ घेऊन आला होता. तो दारातच बसला. "सुभानजी पाटील म्हणतो, खैरोंडीच्या काठानं चाल. आता मी काय सांगू, बाय? तुजं तू बघ."

सगुणेनं त्याच्या पाठीला हळद लावली. रात्रभर ती लेकराच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. श्वास चालतोय ना, एवढंच बघत.

दोन्ही पाटलांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. सगुणेच्या जातीला त्या पाण्यात पाय घालायची मुभा नव्हती. म्हणजे कोंडाशी आल्यावर तिला कुठल्या तरी एका काठानं वळावंच लागणार. कुठल्या, एवढंच भिववून ठरवायचं होतं. ती मधूनही जाऊ शकते, हे त्या शहाण्यांच्या मनातच आलं नाही.

सकाळी ती निघाली. एका हातानं पाटी धरलेली, दुसऱ्या हातात लेकरू. दोन्ही काठांनी माणसं तिच्या बरोबरीनं चालत होती. वारूळ झालं. धोंडा आला. धोंड्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. तिथं ती थांबली. खाली कोंड. केदारजींनी मानेनं पलीकडं दाखवलं. सुभानजींनी अलीकडं.

सगुणा लुगडं न खोचताच सरळ पाण्यात उतरली.

मग कुणीतरी ओरडलं, "पाणी बाटवलं!" आणि जे व्हायचं होतं ते झालं. कुणी तिच्यावर धावले, कुणी एकमेकांवर. गोफणीचे दगड सुटले. पहिला दगड तिच्या कानशिलावर बसला. पाटी कलली, पण तिनं सोडली नाही. लेकराला तिनं काखेत घट्ट दाबलं. छातीएवढ्या पाण्यातून ती माळशेतच्या काठाला निघाली. तिथं सुभानजींचा पुतण्या कोयता घेऊन उभा होता. त्यानं पोरीवर नेम धरला. सगुणा वळली आणि तो घाव तिनं पाठीवर घेतला.

मग ती धावली.

काठाकाठानं खाली, निवडुंगातून, डोक्यावर पाटी आणि कडेवर लेकरू. मागं माणसं कापली जात होती. केदारजींचा उजवा हात सुभानजींनी कोपरापासून उडवला. सुभानजींचं डोकं केदारजींच्या भावानं त्याच धोंड्यावर आपटून फोडलं. कोंडाचं पाणी तांबडं झालं. तरी पाटी तिच्या डोक्यावर आहे, हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्या पंचांना दिसत होतं. म्हणजे शीव अजून चालू होती. ते ओरडत होते, "पाटी टाक, बाय, पाटी टाक." टाकली असती तर ती सुटली असती. पण मग कोंड ज्याच्या हातात कोयता मोठा, त्याचा झाला असता. आणि लेकरू खोट्या शिवेवर उभं राहिलं असतं.

खालच्या अंगाला तिनं ओढा ओलांडला. खैरोंडीच्या बाजूनं टेकडीला वळसा घेतला. टेकडी चढताना दुसरा घाव बसला, मांडीवर. तिथून पुढं ती धावली नाही, रांगली, असं सांगतात. एका हातानं पाटी धरलेली, आणि पोरीनं आईच्या गळ्याला मिठी मारलेली. तिच्या रक्ताची धार टेकडीवरून धोंड्यापर्यंत सलग उतरली होती. जिथून ती पाण्यात शिरली होती, त्याच धोंड्याशी ती परत आली आणि पाटी तिनं आपल्या हातानं, न सांडता, धोंड्यावर टेकवली.

"आता हे कुणाचंच न्हाई," ती म्हणाली. "ह्याच्यात कोयता आणायचा न्हाई. पाणी सगळ्यांचं."

एवढं बोलून ती आडवी झाली. तोवर गप्प असलेली पोर मग रडायला लागली.

त्या दिवशी तेवीस माणसं मेली, म्हणे. पण खरी भीती पुढंच होती. शीव खरी की खोटी, हे नऊ दिवसांनी पोरगी सांगणार होती. तिला कुणी हात लावायची गरजच नव्हती. सात महिन्यांचं अंगावरचं लेकरू. कुणी पाजलं नाही, की आपोआप निकाल लागला. केदारजी खाटेवर थोटा हात बांधून पडले होते. त्यांनी सांगून ठेवलं, "राहू द्या तिथंच. देव बघंल."

पोर धोंड्याशी रडत राहिली. दोन्ही काठांवर बायका आपापली प्रेतं ओळखत होत्या. त्यात माळशेतची एक बाई होती, राधी तिचं नाव. तिचा नवरा तासाभरापूर्वी मेला होता, आणि घरी तिचं पाच महिन्यांचं लेकरू होतं. त्या रडण्यानं तिची चोळी भिजली. दूध असं असतं, ते कुणाला विचारत नाही. ती उठली, तेव्हा सासू म्हणाली, "अगं, कुणाची पोर ती, जात काय तिची."

"भुकेली हाय," राधी म्हणाली, आणि धोंड्यावर बसून तिनं पोरीला पदराखाली घेतलं.

संध्याकाळी खैरोंडीची बाई आली. तिनं म्हटलं, "एकट्या माळशेतनंच पाजली, तर उद्या म्हणाल पोर आमची. दे इकडं." आणि तीही बसली. मग पाळीच लागली. सकाळी तिकडची, संध्याकाळी इकडची. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप चढला, तेव्हा दोन्ही गावच्या बाया धोंड्याभोवती बसून राहिल्या आणि एकाही पुरुषाला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या सकाळी पोर रांगत जाऊन कोंडाच्या पाण्यात हात आपटत होती.

शीव खरी ठरली. पोर दोन्ही गावांत वाढली, पंधरा दिवस इथं, पंधरा दिवस तिथं. खैरोंडीत तिला चिमा म्हणायचे, माळशेतात भागी. ती दोन्ही नावांना ओ द्यायची. पुढं तंटा आला की दोन्ही गावं तिच्यापाशी यायची, आणि ती त्याच धोंड्यावर बसून निवाडा सांगायची.

धाकलू तात्या इथवर येऊन थांबले. साहेबांनी पडद्यावरची ती गाठ पुन्हा एकदा पाहिली आणि रेष होती तशीच ठेवली.

आजही सरपंचपद अडीच वर्षं खैरोंडीकडं आणि अडीच वर्षं माळशेतकडं असतं. ग्रामसभा वेढ्यातच, खैराखाली भरते. आत जाताना कोयता धोंड्याबाहेर ठेवावा लागतो, पात्याचं तोंड जमिनीकडं करून. आणि सभा सुरू व्हायच्या आधी एका गावची आई आपलं अंगावरचं लेकरू दुसऱ्या गावच्या बाईच्या मांडीवर देते. रस्ता, गटार, पाणीपट्टी, घरकुलाची यादी, सगळी भांडणं त्या लेकरासमोर होतात. आवाज चढला आणि लेकरू दचकलं, तर बोलणारा आपणच खाली बसतो. देणारी आई सभा संपेतो त्याच्यावरची नजर काढत नाही. ते हसतंखेळतं परत तिच्या हातात आलं, की मगच सरपंच ठरावावर सही करतो.