‘रन’ला तीन पानं

“एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द लिहायचा. जास्त लिहाल तर शाळेला कुलूप घालू!”

भैरवदरीच्या महाराजांनी शाळेच्या वामन मास्तरांना हुकूम सोडला. इंग्रज साहेबाला नजराणा म्हणून महाराजांना खिशात मावेल एवढा इंग्रजी-मराठी कोश हवा होता आणि मास्तर तर ‘रन’पाशीच रुतले होते. घोडा रन करतो म्हणजे पळतो, नदी रन करते म्हणजे वाहते. नाक गळतं तेही रन, लुगड्याचा रंग उतरतो तेही रन, आणि दुकान रन करणारा मालक तर गादीवरून हलतसुद्धा नाही. एका शब्दाला तीन पानं झालेली पाहून महाराजांचा पारा चढला होता.

“शनिवारच्या दरबारात एक शब्द सांगा,” ते म्हणाले.

महाराजांच्या मागं उभ्या असलेल्या संतू हुजऱ्यानं हे ऐकलं. संस्थानात शाळा ती एकच. त्याची ठकी तिथं तिसऱ्या पुस्तकात होती. तिला अडखळत वाचताना ऐकलं की त्याचा दिवसभराचा शीण जाई.

भैरवदरीच्या गादीची एक रीत होती. दरबारात महाराज नोकराशी बोलत नसत, नुसतं “हं” म्हणत. त्यांना काय हवंय ते संतू ओळखायचा. वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

शनिवारी दरबार भरला. मास्तर कोपऱ्यात घाम पुसत उभे होते. उकाडा महाराजांनाही सोसेना.

“हं.”

संतूनं पिकदाणी पुढं केली. महाराजांच्या भुवया वर गेल्या. एवढ्यात त्यांना ठसका लागला. तांब्याकडे बघत ते पुन्हा “हं” म्हणाले. पुन्हा पिकदाणी! पगडी कलली, तरी पिकदाणीच. मानकऱ्यांनी उपरण्यात तोंडं लपवली. शेवटी महाराज उठले आणि “हं” म्हणून त्यांनी जोड्यासाठी पाय पुढं केला, तो थेट पिकदाणीत गेला.

“संत्या!” महाराजांनी रीत मोडली. “डोकं फिरलंय का तुझं?”

“न्हाई सरकार, हुकूम पाळतोय. एका शब्दाला एकच अर्थ. मी ‘हं’चा अर्थ पिकदाणी धरला.”

“अरे, अंगाला घाम आलाय म्हणजे पंखा हवा, हे दिसत नाही तुला?”

“दिसतंय की. घाम बघितला की पंखा, तांब्याकडं नजर गेली की पानी. भवताली काय चाललंय ते बघितल्याबिगर ‘हं’ कुनाला कळायचं? त्या ‘रन’चंबी तसंच असंल. सरकारांचं एक ‘हं’ शिकायला मला वीस वर्सं लागली. मास्तरांना तीन पानं तरी द्या.”

महाराजांनी आपल्या बरबटलेल्या पायाकडे बघितलं, मग संतूकडे, आणि ते पोट धरून हसू लागले. मग मानकऱ्यांनाही हसू आवरेना.

“मास्तर, तीन काय, तीस पानं लिहा! साहेबाला मोठा खिसा शिवायला सांगू. आणि संत्या, तुला काय हवं ते माग.”

“ठकीचं तिसरं पुस्तक संपत आलंय, सरकार. चौथं मिळालं तर लई बरं हुईल.”

महाराजांनी खांद्यावरचा जरीचा शेला काढून संतूच्या अंगावर घातला आणि ते मास्तरांना म्हणाले, “चौथं, पाचवं, सहावं, शाळेत असतील तेवढी सगळी पुस्तकं आजच याच्या घरी पोचवा.”