गुंजी उंदरीण आणि जिन्यात अडकलेला पलंग

एक होती उंदरीण. तिचं नाव गुंजी.
गुंजी राहायची जिन्यात. जिना जिथे वळतो ना, तिथे भिंतीत तिचं बीळ होतं. बिळात तिचं पिल्लू होतं. एकच पिल्लू. शेंगदाण्याएवढं.

एकदा सकाळी गुंजी पाणी प्यायला गेली.
तुरुतुरु गेली. तुरुतुरु आली.
बघते तर काय? बीळ दिसेना!

बिळासमोर उभा होता पलंग. मोठा, जाड, लाकडी पलंग. तो वरच्या मजल्यावर चालला होता. वळणावर येऊन अडकला. वरही जाईना, खालीही येईना. त्याची डोक्याकडची फळी बिळाच्या तोंडाला घट्ट चिकटली होती.

आतून आवाज आला, "चीं चीं! आई!"

गुंजी म्हणाली,
"पलंगा, पलंगा, सरक की.
आत माझं पिल्लू एकटं!"

पलंग कुरकुरला. कुर्र, कुर्र.
"मी नाही सरकणार. आपणहून कधी सरकलोय का मी? मला उचलावं लागतं. हमालकाकांना सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु.
गुंजी हमालकाकांकडे गेली. एक म्हादूकाका, एक इसाककाका. दोघं पायरीवर बसले होते. घाम पुसत होते.

"काका, काका, पलंग उचला की.
पलंग सरकत नाही.
आत माझं पिल्लू एकटं!"

"आम्ही नाही उचलणार," म्हादूकाका म्हणाले.
"तीनदा उचलला. तीनदा अडकला," इसाककाका म्हणाले. "याचे पाय काढल्याशिवाय हा वळायचा नाही. सुतारमामांना सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु.
सुतारमामा खालच्या पायरीवर होते. एका हातात पाना, एका हातात फोन.

"मामा, मामा, पाय काढा की.
काका पलंग उचलत नाहीत.
पलंग सरकत नाही.
आत माझं पिल्लू एकटं!"

"मी नाही काढणार," मामा म्हणाले. "या पलंगाचे पाय कसे काढायचे, ते फोनमध्ये दाखवलंय. फोन धरला तर पाना फिरवता येत नाही. पाना फिरवला तर फोन धरता येत नाही. फोनला सांग, जरा उभा राहा म्हणावं."

गुंजी मामांच्या मांडीवर चढली. फोनजवळ गेली.

"फोना, फोना, उभा राहा की.
मामा पाय काढत नाहीत.
काका पलंग उचलत नाहीत.
पलंग सरकत नाही.
आत माझं पिल्लू एकटं!"

"मी नाही उभा राहणार," फोन म्हणाला. "मला पाय कुठेत? उभं केलं की पडतो. धप्प! मला लाकडाची घोडी पाहिजे. मग मी तिला टेकून उभा राहीन. नलूआत्या करतात घोड्या. त्यांना सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु.
नलूआत्यांचं घर तळमजल्यावर. दारात लाकडाचा भुसा. भिंतीला करवत. आत्या हातानं घोड्या करायच्या. छोट्या छोट्या, फोनच्या मापाच्या.

"आत्या, आत्या, घोडी करा की.
फोन उभा राहत नाही.
मामा पाय काढत नाहीत.
काका पलंग उचलत नाहीत.
पलंग सरकत नाही.
आत माझं पिल्लू एकटं!"

"मी नाही करणार," आत्या म्हणाल्या. "करवत आहे, कानस आहे. पण लाकूड कुठाय? एकच फळी उरलीय. तिच्यावर भोपळी बसलीय. मी उठवायला गेले, तर बघ, मला ओरबाडलं. तूच सांग तिला."

"भोपळी कोण?" गुंजीनं विचारलं.
"माझी मांजर," आत्या म्हणाल्या.

गुंजी थांबली.
तिचे कान थरथरले. शेपटी थरथरली. मिशासुद्धा थरथरल्या.
मग वरून आवाज आला, "चीं चीं! आई!"

तुरु... तुरु... तुरु... तुरु...
गुंजी मांजरीकडे गेली. उन्हात फळी होती. फळीवर भोपळी होती. गोल गोल, पिवळी पिवळी.
गुंजी लांबच उभी राहिली.

"मांजरीबाई, मांजरीबाई, उठा की.
आत्या घोडी करत नाहीत.
फोन उभा राहत नाही.
मामा पाय काढत नाहीत.
काका पलंग उचलत नाहीत.
पलंग सरकत नाही.
आत माझं पिल्लू एकटं!"

भोपळीनं एक डोळा उघडला.
"मी नाही उठणार. ऊन छान आहे. फळी गरम आहे. आत्ताच दूध प्यायलेय. संध्याकाळी ये, मग तुला खाईन."
आणि तिनं डोळा मिटला.

आता कुणाला सांगायचं? पुढे कुणीच नव्हतं.

गुंजी मागच्या बाजूनं गेली. अगदी हळू. फळीवरून भोपळीची शेपटी लोंबत होती. गुंजीनं तोंड उघडलं.
कच्च!

"म्याऽऽव!"
भोपळी उडाली. गुंजी पळाली. गुंजी पुढे, भोपळी मागे. तुरुतुरु, धबधब! तुरुतुरु, धबधब! गुंजी भुशाच्या ढिगात शिरली. भोपळीनंही नाक खुपसलं. भुसा गेला नाकात.
"आक्छी! आक्छी! आक्छी!"
शिंकत शिंकत भोपळी अंगणात गेली.

फळी मोकळी झाली.
आत्यांनी फळी घेतली. करवत चालली, खर्र खर्र. कानस चालली, घस घस. घोडी झाली.
फोन घोडीला टेकला. ताठ उभा राहिला.
मामांचे दोन्ही हात सुटले. पाना फिरला, किर्र किर्र. एक पाय निघाला. दोन पाय निघाले. तीन निघाले. चार निघाले!
काकांनी पलंग उचलला. "हं, घे! हळू, हळू! भिंत सांभाळ!"
पलंग सरकला. पलंग वळला. पलंग वर गेला.

आणि बीळ दिसलं!

गुंजी भुशातून बाहेर आली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु! जिना चढली. बिळात शिरली.
पिल्लू मागे सरकलं. "तू कोण?"
गुंजीच्या अंगावर भुसाच भुसा होता. तिनं अंग झटकलं. फर्र!
"आई!" पिल्लू म्हणालं. "इतका वेळ काय करत होतीस?"
"दार उघडत होते, बाळा," गुंजी म्हणाली.

पिल्लू कुशीत शिरलं. चुटुचुटु दूध प्यायलं. पोट झालं टुम्म.
पिल्लू निजलं, गोष्ट संपली.