वाळूखालचं पाणी

डोंगरात माणसाची कुऱ्हाड पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. दर उन्हाळ्यात सांबरांचे कळप खिंडीतून पलीकडच्या रानात जात. वाटेवरची नदी तोवर कोरडी ठाक पडलेली असे.

"इथं कुणी पाण्याची सोय केली, तर सांबरं मागू ते मोल देतील!" हुप्पेराव वानर नदीकाठच्या वडावर बसून दरवर्षी सांगायचा. खाली जमलेले प्राणी माना डोलवायचे आणि घरी जायचे.

यंदा असंच बोलणं चाललं असताना सांबराचं एक पाडस वडाखालीच कोसळलं. आई त्याला नुसती चाटत राहिली.

"यावर पुढच्या सभेत बोलू," हुप्पेराव म्हणाला.

साळू साळिंदरीच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहिले. "आग लागो तुमच्या सभेला! तोंडच्या वाफेनं कुणाचा घसा ओला होतो का?"

ती तशीच नदीच्या पात्रात उतरली आणि पंजे सोलवटेपर्यंत वाळू उकरत राहिली. आधी ओल लागली, मग पाणी झिरपलं. चार घोट पोटात गेल्यावर पाडसानं डोळे उघडले.

पुढं येणारे कळप तिथं थांबू लागले. जाताना ते आपली गळालेली शिंगं ठेवून जात. साळूला ती कुरतडायला फार आवडत.

एके दुपारी हुप्पेराव आला. "कल्पना माझी होती. निम्मी शिंगं माझी."

"कल्पना तुमच्या वडावरच ठेवा, हुप्पेराव," साळू कडाडली. "इथं पाणी मिळतं. द्यायला काही नसेल, तर खड्ड्यातली वाळू उपसा."

हुप्पेरावानं इकडंतिकडं पाहिलं. घशाला कोरड तर पडली होती. तो खड्ड्यात उतरला आणि वाळू उपसू लागला.